चांगुणाबाईची म्हैस

मित्रांनो, मी एक म्हातारी म्हैस आहे. माझ्या शिंगांना आता कुणी तेल लावत नाही आणि पाठीवरचे केसही विरळ झाले आहेत. म्हशीला काही समजत नाही, असं माणसं म्हणतात. तसं असतं तर फार बरं झालं असतं. मला सगळं समजत होतं आणि म्हणूनच मी जन्मभर जळत राहिले. कुणावर, ते आता सांगते.

माझा जन्म घनसावंगीकडच्या एका उसाच्या मळ्यात झाला. मी लहान पारडी असतानाच अप्पाराव नावाच्या माणसाने मला विकत घेतलं आणि आपल्या लेकीच्या, चांगुणाबाईच्या दावणीला आणून बांधलं. चांगुणाबाईचं सासर वाटूरला होतं. तिचा नवरा साहेबराव जवळच्या खेड्यात शाळामास्तर होता आणि रोज सायकलीवर ये-जा करायचा. बौद्धवाड्याच्या टोकाला त्यांचं घर. पुढे मातीची ओसरी आणि ओसरीला लागूनच माझा गोठा. ओसरीवर कुणी साधं खाकरलं तरी मला ऐकू यायचं, इतकी आमची भिंत एक होती.

माझ्या कपाळावर पांढरा ठिपका आहे. तो बघून चांगुणाबाईने माझं नाव चंद्री ठेवलं. ते दिवस माझे होते. ती मला ओढ्यावर न्यायची, खरबरीत दगडाने माझी पाठ घासायची, शिंगांना करडईचं तेल लावायची. धार काढायला बसली की आपलं डोकं माझ्या कुशीला टेकवायची आणि दिवसभराचं सगळं मला सांगायची. सासू काय बोलली, शेजारणीने काय केलं, माहेरची आठवण कशी आली. माझं पहिलं पारडू झालं तेव्हा ती गोठ्यातून हलली नव्हती. दुष्काळाच्या साली गुरांची छावणी पडली, तेव्हा ती माझ्याबरोबर छावणीवर येऊन राहिली. तिची थोरली मुलगी बेबीनंदा घरी चुलतीजवळ होती आणि धाकटा संपत तिच्या पाठीला बांधलेला होता. मला वाटायचं, ही माझ्यासाठी आली आहे, पोरगं नुसतं सोबतीला आहे.

पण छावणीवरच चांगुणाबाईच्या मनात पहिली शंका आली. संपतच्या वयाची दुसरी लेकरं आईला हाका मारायची, गुरांमागे दुडूदुडू धावायची. संपत मात्र डब्याचं झाकण जमिनीवर गरगर फिरवायचा आणि तेच बघत बसायचा. हाक मारली तरी मान वळवत नसे. कुणी उचललं की अंग ताठ करून किंचाळत असे. चांगुणाबाई त्याच्या तोंडापुढे तोंड नेऊन म्हणायची, "संपत, इकडं बघ की रे," आणि तो तिच्या कानाच्या मागे कुठेतरी बघायचा.

घरी परतल्यावर गावाने आपापले उपाय सांगितले. कुणी अंगारा सुचवला, कुणी दर्ग्याला न्यायला सांगितलं, कुणी म्हणालं की पोरगं मुकंच आहे, सोडून द्या. साहेबराव शिकलेला माणूस. त्याने रजा काढली आणि संपतला औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आल्यावर तो ओसरीवर बसून चांगुणाबाईला समजावून सांगत होता, तेव्हा मी कान टवकारून ऐकलं. पोराला ऑटिझम आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावर गोळी नाही, सुई नाही. पण शिकवलं तर शिकेल. प्रत्येक गोष्टीचे बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा रोज करून घ्यायचा, जमला की लगेच काहीतरी आवडीचं द्यायचं. हे घरीच करायचं, रोज करायचं आणि वर्षानुवर्षं करायचं. चांगुणाबाईने विचारलं की हे कोण करणार. त्यालाही डॉक्टरांनी वाट सांगितली होती. अशा मुलांच्या हैदराबादच्या एका शाळेत बरीच वर्षं काम केलेल्या दुर्गाबाई आता परतूरला भावाकडे येऊन राहिल्या होत्या. त्यांना विचारा, असं डॉक्टर म्हणाले होते.

अशा रीतीने दुर्गाबाई आमच्या ओसरीवर आल्या. उंच, काटक बाई. परतूरच्या एसटीतून उतरून फाट्यावरून पायी यायच्या. त्यांच्या बोलण्यात हैदराबादकडचे शब्द फार असत. पहिल्याच दिवशी त्यांनी चांगुणाबाईला समोर बसवून सांगितलं, "मी आठवड्यातून दोनदा येईन. पण शिकवणार तुम्ही. मी फक्त दाखवणार. बिलकुल खाडा चालणार नाही, घरात लग्न असो का मयत."

चांगुणाबाई म्हणाली, "न्हाई पडू देणार खाडा."

आणि तिने तो कधी पडू दिला नाही, मित्रांनो. माझं दुःख तिथूनच सुरू झालं.

ओसरीवर एक पाट मांडला जाई. त्यावर संपतला बसवायचं, समोर चांगुणाबाई. शेजारी वाटीत गुळाचे बारीक खडे. चांगुणाबाई म्हणायची, "संपत, माझ्याकडं बघ." तो बघत नसे. ती त्याची हनुवटी हलकेच वळवायची. नजरेला नजर नुसती शिवून गेली तरी लगेच गुळाचा खडा त्याच्या तोंडात जाई आणि दुर्गाबाई म्हणायच्या, "शाब्बास." मग पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

मी गव्हाणीवर मान ठेवून हे सगळं पाहत असे. मी तर दिवसभर चांगुणाबाईकडेच बघत होते. तिने सांगायच्या आधी बघत होते, ती पाठमोरी असली तरी बघत होते. मला कुणी गूळ दिला नाही. पूर्वी भाकरी खाताना ती मला एक तुकडा गुळाबरोबर देत असे. आता गूळ फक्त वाटीत राहू लागला आणि वाटी फक्त संपतची झाली.

दुर्गाबाईंना द्यायचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होताच. साहेबरावच्या पगारात म्हातारे आईवडील होते, धाकट्या भावाचं शिक्षण होतं. तेव्हा घरात ठरलं की माझं दूध सगळं विकायचं. वाटूरची पुष्कळ घरं आमच्या दावणीचं दूध घेत नसत. का, ते तुम्ही मोठ्या माणसांना विचारा. पण फाट्यावर कचरूचं हॉटेल होतं. कचरू दूध घ्यायचा, पैसे वेळेवर द्यायचा आणि दूध कुणाच्या घरचं आहे, हे गिऱ्हाइकाला सांगत नसे. माझं सगळं दूध चहाच्या पातेल्यात जाऊ लागलं. बेबीनंदाला रोज पेलाभर दूध मिळायचं, ते बंद झालं. ती कोरा चहा पिऊन शाळेत जाऊ लागली. म्हणजे बघा, दुर्गाबाईंचा मोबदला मी देत होते, आणि ओसरीवर सगळे नाव घेत होते संपतचं.

तेवढंही मी सोसलं असतं. पण धारेची वेळ आणि शिकवणीची वेळ एकच पडली, आणि चांगुणाबाईने धारेचं काम तिच्या जावेला, केशरबाईला सांगितलं. केशरबाई वाईट नव्हती. पण तिचे हात घाईचे होते आणि ती माझ्याशी एक अक्षर बोलत नसे. तिचा हात सडाला लागला की माझ्या अंगातला पान्हा आपोआप वर चढून बसे. तिने माझे मागचे पाय बांधून पाहिले, पारडू सोडून पाहिलं, पुढ्यात पेंड ठेवून पाहिली. मी पेंड खाल्ली आणि दूध ठेवून घेतलं.

"चांगुणा, तुझी म्हैस चोरटी झाली बघ," केशरबाई चिडून म्हणाली. "पान्हा चोरून राह्यली."

मी काही चोरलं नव्हतं. जे चांगुणाबाईचं होतं ते मी तिच्यासाठी राखून ठेवलं होतं. पण फाट्यावरची चरवी अर्धी जाऊ लागली, कचरूने कुरकुर केली आणि दुर्गाबाईंना आठवड्यातून एकदाच बोलवायची पाळी आली. साहेबरावने हे दुर्गाबाईंना सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. त्यांनी कारण विचारलं, आणि कारण कळल्यावर त्या थेट गोठ्यात आल्या. माझ्याकडे नीट बघितलं. मग ओसरीकडे वळून म्हणाल्या, "चांगुणाबाई, पोराला शिकवायला ओसरीच पाहिजे, असं तुम्हाला कोणी सांगितलं? त्याला घेऊन इथं बसा. तुमची धार पण होईल आणि त्याचा सबक पण होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणाबाई चरवी घेऊन माझ्यापाशी आली. कितीतरी दिवसांनी तिने कुशीला डोकं टेकवलं. माझा पान्हा असा सुटला की तिला सड धुवायलाही सवड मिळाली नाही. पण तिच्या मांडीला लागून तो बसला होता, संपत. माझ्या पोटाखाली, माझ्या पायापाशी. मला लाथ मारायची इच्छा झाली नाही, असं मी म्हणणार नाही. पाय उचललाही होता. तेवढ्यात चांगुणाबाईने त्या पायावर आपला हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "चंद्रे." मी पाय खाली ठेवला.

संपतला धारेचा आवाज आवडला. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तेव्हा ती वाजते, आणि चरवी भरत जाईल तसा तो आवाज बदलत जातो. तो चरवीला कान लावून बसू लागला. किंचाळणं नाही, अंग ताठ करणं नाही. दुर्गाबाईंनी हे बघितलं आणि चांगुणाबाईच्या कानात काहीतरी सांगितलं. त्या दिवसापासून चांगुणाबाई मधेच हात थांबवायची. संपतकडे बघायची आणि म्हणायची, "धार?" मग वाट बघायची. त्याने तिच्याकडे बघितलं की धार सुरू. काही दिवसांनी नुसतं बघणं पुरेनासं झालं, त्याने तोंडाने काहीतरी आवाज काढायला हवा होता.

मित्रांनो, भरल्या कासेने उभं राहणं काय असतं, ते तुम्हाला कसं सांगू? माझा पान्हा सुटलेला आणि ती त्या पोराच्या ओठांकडे बघत थांबलेली. मी शेपटी आपटायची, मान झटकायची. तिला माझं काही दिसत नसे. गुळाचा खडा तर त्याचा होताच, आता मीच त्याचा खडा झाले होते.

थंडीच्या एका सकाळी ती अशीच थांबली होती. चरवी अर्धी झाली होती. संपतने चरवीकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "धा."

चांगुणाबाई हललीच नाही. मग तिने एक धार काढली आणि पुन्हा थांबली. त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी नीट, "धार."

तिने त्याला छातीशी धरलं आणि रडू लागली. साहेबराव ओसरीवरून अनवाणी धावत आला. केशरबाई आली, वाड्यातल्या चार बाया आल्या. सगळे त्याला पुन्हा म्हणायला लावत होते आणि तो गोंधळून हात फडफडवत होता. त्याचा पहिला शब्द पाटावर बसून नव्हे, माझ्या पोटाखाली बसून आला होता. पण एकानेही माझ्या पाठीवर थाप मारली नाही. माझी अर्धी कास तशीच भरलेली राहिली आणि संध्याकाळपर्यंत ठणकत होती.

मात्र त्या घरात जळणारी मी एकटी नव्हते. बेबीनंदा शाळेतून आली की दप्तर ओसरीवर टाकून गोठ्यात यायची आणि गव्हाणीच्या कडेला बसायची. तिथून तिला ओसरी दिसायची. धारेखेरीजची आईची शिकवणी तिथेच चाललेली असे. बेबीला वर्गातलं काही सांगायचं असे, पण "आत्ता न्हाई, बेबी," एवढंच उत्तर येई. मग ती मला सांगायची. तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या, कारण विंचरायला कुणाला वेळ नव्हता. एकदा ती माझ्या गळ्याला हात घालून म्हणाली, "चंद्रे, मी बी बोलायचं बंद करू का? मंग मायचं ध्यान जाईल माझ्याकडं."

मला बोलता येत असतं तर मी तिला सांगितलं असतं की मी दूध बंद करून पाहिलं आहे, त्याने फारसं काही होत नाही.

मग तिने एक खेळ काढला. ती वाटीतला गुळाचा खडा लपवून आणायची, माझ्यासमोर उकिडवी बसायची आणि दुर्गाबाईंसारखा आवाज काढून म्हणायची, "चंद्री, माझ्याकडं बघ." मी बघितलं की गूळ. "मान वर कर." केली की गूळ. हळूहळू तिने मला पाय उचलायला शिकवला, मागे सरायला शिकवलं. मी चुकले तर ती रागवत नसे. दुर्गाबाई करायच्या तसं ती काम अजून सोपं करायची, हाताने थोडं करून दाखवायची, आणि जमलं की क्षणाचाही उशीर न करता गूळ द्यायची. खेळता खेळता तिने ओसरीवरची सगळी शिकवणी उचलली होती. जळणाऱ्याची नजर फार बारीक असते. आई काय करते, कधी घाई करते, संपत कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, हे तिला तिच्या आईपेक्षाही आधी कळू लागलं. पण हे मला माहीत होतं, घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अशी वर्षं गेली. संपत स्वतःच्या हाताने जेवू लागला. सदरा घालू लागला, फक्त बटणं लावायला आई लागे. पाणी मागू लागला. दिवसाकाठी त्याच्या तोंडून दहा-वीस शब्द येत आणि जात. तो इतर मुलांसारखा झाला नव्हता आणि होणारही नव्हता, हे दुर्गाबाई साफ सांगायच्या. "पण शिकणं थांबलं तर आहे ते पण जाईल," असंही सांगायच्या.

आणि नेमकी त्याच सुमाराला मी आटले. वेत संपलं, पुढे मी गाभण राहिले नाही. दोनदा रेड्याकडे नेलं, उपयोग झाला नाही. माझ्या वाट्याची पेंड कधीच कमी झाली होती, नुसत्या कडब्यावर अंग कुठून धरणार? फाट्यावर दूध जायचं बंद झालं. दुर्गाबाई पैशाशिवायही काही दिवस येत राहिल्या, पण त्यांचंही वय झालं होतं आणि गुडघे धरले होते. त्या म्हणाल्या की आता त्या महिन्यातून एकदाच येतील, बाकी घरातल्याच दुसऱ्या कुणीतरी पुरतं शिकून घेतलं पाहिजे. एकट्या चांगुणाबाईने ते निभणार नाही. ते खरंच होतं. चांगुणाबाई बसल्या जागी पेंगायची. तिचा आवाज चढू लागला होता, आणि आवाज चढला की संपत शिकलेलंही विसरायचा.

त्या संध्याकाळी ओसरीवर भांडण झालं. चांगुणाबाई म्हणाली, "बेबी मोठी झाली. तिला घरी ठेवू. शाळा काय, पळून न्हाई जात."

साहेबराव कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशीही त्याने चढवला नाही. तो म्हणाला, "एका लेकराला शिकवायसाठी दुसऱ्याचं शिक्षण बंद करायचं? हे या घरात होणार न्हाई."

"मंग मी मरू का? तुम्ही सकाळी जाता, सांजच्याला येता. मी बघून राह्यले ना सगळं एकटीनं."

बेबीनंदा माझ्याजवळ उभी होती. तिने माझं दावं घट्ट धरलं होतं. मग ते सोडून ती ओसरीवर गेली.

"मी शाळा सोडणार न्हाई," ती म्हणाली. "पण मला येतंय सगळं. शाळेच्या आधी मी बसते, शाळेतून आल्यावर बसते. दुपारी माय. बाबा आले की बाबा. रोज."

चांगुणाबाईला ते खरं वाटलं नाही. तेव्हा बेबीने पाट मांडला, संपतसमोर बसली आणि त्याच्या सदऱ्याची बटणं घेतली. ज्या बटणांवर त्याची आई कितीतरी महिने हरली होती, ती तिने वरून नाही, खालून लावायला घेतली, शेवटचं बटण काजातून अर्धं स्वतः ओढून. उरलेलं अर्धं त्याने ओढलं. "शाब्बास," ती म्हणाली, आणि गूळ त्याच्या तोंडात गेला. पुढच्या खेपेला दुर्गाबाई आल्या, त्यांनी हे बघितलं आणि विचारलं की हे तुला कोणी शिकवलं. बेबीने हळूच माझ्याकडे बघितलं.

भांडणाच्या त्या संध्याकाळीच तिने एक गोष्ट मागितली होती. बटण लागल्यावर ती आईकडे न बघता म्हणाली, "पण माय, तू रोज माझी वेणी घालायची. तेवढा वेळ संपत बाबापाशी. मी बोलीन ते तू ऐकायचं."

चांगुणाबाईने तिला जवळ ओढलं आणि तिथेच फणी मागवली. जटा सोडवायला फार वेळ लागला. बेबीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते केस ओढल्याचं असेल किंवा नसेल. मी गोठ्यातून ते बघत होते. आजवर आम्ही दोघी एका बाजूला होतो. आता ती पलीकडे गेली होती. मित्रांनो, त्या दिवसापासून मी बेबीवरही जळू लागले.

सगळ्यांची सोय लागली. राहिले मी. भाकड म्हैस, कडबा खाणारी. दुर्गाबाईंचं महिन्याचं येणं टिकवायचं तर काहीतरी मोडायला हवं होतं आणि घरात मोडण्यासारखी मीच होते. आष्टीच्या गोजरबाई नावाच्या शेतकरी बाईला दूधदुभत्यासाठी म्हैस हवी होती. आपल्याकडे हिरवा चारा आहे, अंग धरलं तर ही पुन्हा फळेल, असं ती म्हणाली. सौदा ठरला.

निघायच्या दिवशी चांगुणाबाई पहाटेच आली. तिने माझ्या शिंगांना तेल लावलं, कपाळावरचा ठिपका ओल्या फडक्याने पुसला. मी तिचा हात चाटला. मग ती कुशीला डोकं टेकवून म्हणाली, "तुला इकून राह्यले मी, चंद्रे. दुसरं काही सुचलं न्हाई." एवढ्यात ओसरीवर संपत उठल्याचा आवाज आला. ती उठून गेली. शिकवणीची वेळ झाली होती आणि तिने खाडा पडू दिला नाही. साहेबरावने माझं दावं सोडलं आणि आम्ही आष्टीची वाट धरली.

गोजरबाईने शब्द पाळला. हिरव्या चाऱ्यावर माझं अंग भरलं, मी पुन्हा गाभण राहिले, पुन्हा व्याले. तिचा हात सडाला लागला की पहिले काही दिवस मी पान्हा वर चढवला. पुढे कंटाळून सोडला. तिचं घर बाजारतळाला लागून आहे आणि मी कडुनिंबाखाली बांधलेली असते. बाजारच्या दिवशी सगळी माणसं माझ्या पुढून जातात.

अशाच एका बाजारात मी त्यांना पाहिलं. पुढे बेबीनंदा, उंच झालेली, दोन वेण्या घातलेली. तिच्या हाताला धरून संपत. सदऱ्याची बटणं सगळी लागलेली. गर्दी होती, भोंगा वाजत होता, आणि तो एक हात कानावर ठेवून का होईना, चालत होता. मागे चांगुणाबाई. मला बघून ती थांबली. तिने बेबीला काहीतरी सांगितलं. बेबी माझ्याकडे बघून हसली, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि संपतला घेऊन पुढे केळीवाल्याकडे गेली.

आणि चांगुणाबाई माझ्याजवळ खाली बसली. एकटी. संपत जागा असताना तिला अशी निवांत बसलेली मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती. तिच्या हातांना काही काम नव्हतं. ते तिने माझ्या गळ्याखाली ठेवले आणि पूर्वीसारखी बोलू लागली. बेबीला सातवीत चांगले गुण पडले, दुर्गाबाई हैदराबादला लेकाकडे गेल्या, आता घरातलीच तिघं पाळीपाळीने शिकवतात, साहेबराव तर बाईमाणसापेक्षा धीराने शिकवतो. संपतला कधी कधी अजून आवरत नाही, मग रडू येतं. गोजरबाईने तिला चहा आणून दिला. तिने तो सावकाश, गरम असताना प्यायला.

थोड्या वेळाने संपत आला. हातात केळं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या पदराला धरून ओढलं आणि म्हणाला, "माय, चल."

दोन शब्द, एकापुढे एक. मी त्याच्या तोंडून असे दोन कधी ऐकले नव्हते. ती लगेच उठली. कप खाली ठेवला आणि गेली. मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, मी त्या पोरावर आजही जळते. पण ती माझ्याजवळ बसली होती तेवढा वेळ तिच्या कपाळावर एक आठी नव्हती, आणि ती बसू शकली कारण पोराचा हात दुसऱ्या कुणीतरी धरला होता.

मित्रांनो, तुमच्या आळीत असं एखादं घर असेल. तिथलं लेकरू बोलत नसेल, ओरडत असेल, एकच वस्तू फिरवत बसत असेल. त्याच्या आईला उपदेश करू नका, ती ऐकून थकली आहे. तिच्याकडून शिकवणी बघून घ्या आणि तासभर तिच्या जागेवर बसा. तिला लेकीची वेणी घालू द्या, गरम चहा पिऊ द्या. त्या लेकराची थोरली बहीण कुठे कोपऱ्यात उभी असेल, तिला शाळेत काय झालं ते विचारा. आणि दावणीला एखादी म्हैस असेल, तर जाता जाता तिच्याही पाठीवर हात ठेवा.